कार्पेट क्लीनिंगचा धंदा: ट्रकवरचं मशीन घ्यावं की पोर्टेबल?



गेल्या वर्षी मे महिन्यात चिंचवडच्या माझ्या मावसभावाने रात्री साडेअकराला एक रील पाठवली. अमेरिकेतलं घर, दारात पांढरी व्हॅन, व्हॅनमधून निघालेला जाडजूड पाइप थेट बेडरूमपर्यंत. माणूस एक दांडा मागे ओढतो आणि काळपट कार्पेटवर पांढराशुभ्र पट्टा उमटतो. खाली मेसेज: "दादा, हे मशीन इंडियात आणायला किती लागतील? आई पाटल्या द्यायला तयार आहे."

भाऊ तीन वर्षं एका कार वॉश सेंटरवर काम करत होता. हात चांगला, गिऱ्हाइकाशी बोलायची सवय. सोफा-कार्पेट क्लीनिंगचा स्वतःचा धंदा काढायचा हा विचार अगदी बरोबर होता. पण मावशीच्या पाटल्या कुठल्या मशीनवर लावायच्या, हा प्रश्न रील बघून सुटणारा नव्हता. मग आम्ही दोघांनी बसून थोडा अभ्यास केला. तोच आज तुमच्यासमोर मांडतो, कारण अशा रील्स बघून "आपणही करूया" म्हणणारे बरेच जण असतील.

आधी बघूया, मशीन नेमकं करतं काय?

दोन्ही प्रकारच्या मशीनचं काम एकच आहे. त्याला हॉट वॉटर एक्स्ट्रॅक्शन म्हणतात. गरम पाणी (त्यात थोडं केमिकल) प्रेशरने कापडात मारायचं आणि लगेच ते मळासकट व्हॅक्यूमने ओढून घ्यायचं. जाहिरातीत याला सर्रास "स्टीम क्लीनिंग" म्हणतात, पण यात वाफ जवळजवळ नसतेच. गरम पाण्यातून जी दिसते ती वाफ, बस.

म्हणजे मशीनला तीन कामं नीट जमली पाहिजेत: पाणी गरम ठेवणं, ते योग्य प्रेशरने मारणं आणि मारलेलं पाणी परत ओढणं. यातलं तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. पाणी मारणं कुणालाही जमतं. ओढता आलं नाही की सोफा दोन दिवस ओला राहतो, कुबट वास येतो आणि गिऱ्हाईक पैसे परत मागतं.

ट्रकमाउंट म्हणजे काय?

हे मशीन व्हॅनमध्ये कायमचं बसवलेलं असतं. काहींना स्वतःचं वेगळं पेट्रोल इंजिन असतं, काही थेट व्हॅनच्या इंजिनवर चालतात. हे इंजिन एक मोठा ब्लोअर फिरवतं, त्यातून व्हॅक्यूम मिळतो. त्याच इंजिनवर पाण्याचा पंप चालतो. मळक्या पाण्याची टाकीही व्हॅनमध्येच, साधारण सव्वादोनशे ते पावणेचारशे लिटरची. घरात जातात ते फक्त दोन पाइप: एक बारीक, गरम पाण्याचा आणि एक दोन इंची, ओढणारा.

यातली खरी हुशारी गरम पाण्यात आहे. पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनाचा मोठा भाग उष्णता म्हणून वाया जातो. गाडी चालवताना तो रेडिएटर आणि सायलेन्सरमधून हवेत जातो. ट्रकमाउंट हीच उष्णता पकडून पाणी तापवतं. त्यामुळे नव्वद अंशांच्या आसपासचं पाणी, तेही सलग, आणि त्यासाठी वेगळा हीटर किंवा विजेचं बिल नाही. ही सोय पोर्टेबलला कधीच मिळत नाही. पुढे आपण थोडं गणित करू, तेव्हा ती किती मोठी आहे ते कळेल.

पोर्टेबल म्हणजे चाकांवरचा डबा. त्यात एक, दोन किंवा तीन व्हॅक्यूम मोटर, छोटा पंप आणि दोन टाक्या. आपल्याकडे अर्बन सर्व्हिसवाले घरी घेऊन येतात ते बहुतेक याच जातीचं. लहान मशीनमध्ये दहा लिटरच्या आसपास पाणी मावतं आणि मोटर साधारण बाराशे वॉटची असते. पाणी तापवायची सोय बहुतेक लहान मॉडेलमध्ये नसते.

अमेरिकेत ट्रकमाउंट इतकं का चालतं, याचं कारण तिथल्या घरात आहे. भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेलं कार्पेट, बऱ्याचदा नायलॉनचं, बैठं किंवा एकमजली घर, आणि दाराशी गाडी लावायला मोकळी जागा. शिवाय तिथल्या काही मोठ्या कार्पेट कंपन्यांच्या वॉरंटीत ठराविक काळाने अशी धुलाई करून घ्यायची अट असते. काम आयतं चालून येतं. पण तिथेही उंच इमारतींमध्ये काम करणारे लोक पोर्टेबलच वापरतात, आणि बऱ्याच कंपन्यांच्या ट्रकमाउंट व्हॅनमध्ये एक पोर्टेबल कोपऱ्यात ठेवलेलं असतं. रीलमध्ये ते दिसत नाही.

बॉक्सवरच्या आकड्यांचा घोळ

मोबाइल घेताना फक्त मेगापिक्सेल बघून कॅमेरा ठरवला की काय होतं, ते आपल्याला माहीत आहे. इथेही तसंच आहे, फक्त इथले आकडे आणखी फसवे आहेत, कारण दोन मशीनचे आकडे दोन वेगवेगळ्या मापात छापलेले असतात.

भावाने मला दोन स्क्रीनशॉट दाखवले. ट्रकमाउंटच्या पानावर व्हॅक्यूम "१४ इंच". पोर्टेबलच्या पानावर "१९० इंच". त्याचा प्रश्न सरळ होता: "मग पोर्टेबल तेरा पट भारी नाही का?"

नाही. ट्रकमाउंटचा इंच पाऱ्याचा असतो, पोर्टेबलचा इंच पाण्याचा. पारा पाण्यापेक्षा १३.६ पट जड. म्हणजे पाऱ्याचे १४ इंच म्हणजे पाण्याचे साधारण १९० इंच. दोन्ही आकडे एकच! आपल्याकडच्या कॅटलॉगमध्ये तर तिसरंच माप सापडतं, मिलीबार किंवा किलोपास्कल. लक्षात ठेवायला सोपं: १ किलोपास्कल म्हणजे १० मिलीबार, आणि तेच पाण्याचे साधारण ४ इंच.

मग फरक कुठे आहे? हवेत. व्हॅक्यूमचा हा आकडा मशीन किती जोर लावू शकतं ते सांगतो. पण कापडातलं पाणी बाहेर येतं ते वेगाने वाहणाऱ्या हवेबरोबर. नळीला बोट लावलंत तर जोर पूर्ण जाणवेल, पण हवा शून्य आणि पाणीही शून्य. म्हणून दुसरा आकडा बघायचा, एअरफ्लो. एक-दोन मोटरच्या पोर्टेबलमध्ये तो मिनिटाला शंभर-सव्वाशे घनफुटांच्या आसपास असतो, ट्रकमाउंटमध्ये तीनशे ते पाचशे. इथे ट्रकमाउंट खरोखर पुढे आहे. कॅटलॉगमध्ये "लिटर प्रति सेकंद" दिलं असेल तर त्याला दोनने गुणा, थोडेसे जास्त घनफूट प्रति मिनिट मिळतात.

आणि आता गंमत. हे आकडे मशीनच्या तोंडाशी मोजलेले असतात. काम होतं ते पाइपच्या दुसऱ्या टोकाला. पाइप जितका लांब तितका जोर वाटेतच खर्च होतो. दुप्पट लांबी, साधारण दुप्पट तोटा. पाइपच्या जाडीचा हिशोब तर अंगावर येणारा आहे: तेवढीच हवा दोन इंचांऐवजी दीड इंची पाइपमधून नेली तर तोटा चौपटीहून जास्त. व्हॅन खाली रस्त्यावर आणि दांडा दोनशे फुटांवर, असं काम असेल तर ट्रकमाउंटचा बराचसा जोर त्या पाइपमध्येच राहतो. पोर्टेबल मात्र सोफ्यापासून आठ फुटांवर उभं असतं.

अमेरिकेतल्या कार्पेट अँड रग इन्स्टिट्यूट या संस्थेची मशीन तपासून मान्यता देण्याची एक योजना आहे. त्या यादीत ट्रकमाउंटही आहेत आणि पोर्टेबलही. म्हणजे चांगलं पोर्टेबल हे "गरिबाचं मशीन" आहे, हा समज डोक्यातून काढा.

भिंतीवरच्या सॉकेटची गोष्ट

हा भाग मला स्वतःला सगळ्यात आवडला, आणि व्हिडिओत यावर कुणी बोलत नाही.

अमेरिकन यूट्यूबर पोर्टेबलला नावं ठेवतात तेव्हा त्यामागे त्यांच्या घरातली वीज आहे. तिकडे साध्या सॉकेटला १२० व्होल्ट आणि १५ अँपिअर. गुणाकार करा: १८०० वॉट, आणि सलग चालवायचं असेल तर त्याहून कमीच. एवढ्यात दोन व्हॅक्यूम मोटर आणि पंपच जेमतेम बसतात. म्हणून तिकडच्या मोठ्या पोर्टेबलला दोन-दोन वायरी असतात, आणि त्या दोन वेगळ्या सर्किटवर लावाव्या लागतात. नाहीतर ट्रिप.

आपल्याकडे २३० व्होल्ट. हॉलमधल्या टीव्हीच्या लहान सॉकेटवर ६ अँपिअर, म्हणजे १३८० वॉट. पण एसी किंवा गीझरच्या जाड पिनवाल्या पॉइंटवर १६ अँपिअर, म्हणजे ३६८० वॉट. अमेरिकन सॉकेटच्या दुप्पट! तेच दोन मोटरचं पोर्टेबल आपल्याकडे एका वायरीवर आरामात चालतं.

आता पाणी तापवायचं गणित. समजा मशीन मिनिटाला एक लिटर पाणी मारतं. नळाचं पाणी २५ अंश, आपल्याला हवं ६०. सलग तापवायला साधारण २४०० वॉट लागतात. त्यात व्हॅक्यूम मोटरचे बाराशे मिळवा, झाले ३६००. म्हणजे आपला सगळ्यात मोठा सॉकेटसुद्धा काठोकाठ. ट्रकमाउंट ही उष्णता फुकटात मिळवतं असं वर म्हटलं, त्याची किंमत ही.

पण यावर आपल्याकडे एक देशी तोडगा आहे: गिऱ्हाइकाचा गीझर. लहान मशीनची टाकी दहा लिटरची. गीझरमधून एक बादली गरम पाणी घेतलं की हीटरचा प्रश्न मिटला. फक्त मशीनच्या लेबलवर पाण्याचं कमाल तापमान किती लिहिलंय ते बघा, कारण उकळतं पाणी ओतून पंपाचे सील घालवणारे महाभाग मी पाहिलेत. आणि काम सुरू करण्याआधी गिऱ्हाइकाला सांगा की दोन बादल्या गरम पाणी लागेल. मधेच मागितलं की लोकांचं तोंड वाकडं होतं.

विजेबाबत तीन गोष्टी पाळायच्याच. हॉलच्या लहान सॉकेटवर हीटरवालं मशीन लावायचं नाही, प्लग वितळतो. एक्स्टेंशन घ्यायचं तर जाड वायरचं, किमान अडीच स्क्वेअर एमएम, आणि वापरताना पूर्ण उलगडून. वेटोळं तसंच ठेवलं तर ते तापतं. आणि ओल्या जागी उभं राहून काम आहे, म्हणून ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी असलेला स्वतःचा बोर्ड सोबत ठेवा. जुन्या इमारतींमध्ये अर्थिंग असेलच असं गृहीत धरू नका.

जाता जाता: अमेरिकन साइटवर स्वस्तात जुनं पोर्टेबल दिसलं तर मोह आवरा. १२० व्होल्टचं मशीन आपल्या सॉकेटला लावलं की काही सेकंदांत मोटर जळते. तेवढ्या वॉटचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यायचा, तो प्रत्येक घरी उचलून न्यायचा, हे कुणी करत नाही.

आपल्या इमारती, आपलं पार्किंग

समजा पैसे आहेत आणि ट्रकमाउंट आणलंच. वाकडच्या एखाद्या सोसायटीत चौदाव्या मजल्यावर काम आलं. व्हॅन गेटबाहेर, कारण व्हिजिटर पार्किंग भरलेलं. पाइप जिन्यातून न्यायचा? लिफ्टमधून तर जाणार नाही. गॅलरीतून दोरीने ओढायचा तर खालच्या तेरा जणांना विचारावं लागेल. आणि सेक्रेटरी काका ते इंजिन दुपारी दोन वाजता चालू देतील का, याचं उत्तर तुम्हीच द्या.

बेसमेंट पार्किंगमध्ये गाडी लावून इंजिन चालवायचं, ही कल्पना तर स्वप्नातही नको. इंजिनच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याचा वास येत नाही आणि बंद जागेत तो माणूस मारतो. ट्रकमाउंट नेहमी उघड्यावरच चालवायचं असतं, आणि धूर खिडकीत जाणार नाही अशा दिशेला तोंड करून.

वजनाचंही बघा. टाकी भरली की नुसतं पाणीच तीनशे किलो. त्यात इंजिन, ब्लोअर, पाइपची रिळं. आपला छोटा हत्ती पाऊण टनाच्या आसपास ओझं घेतो, म्हणजे तो जवळपास तिथेच भरला. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करायला परवानगी लागते. नोंदणीपत्रात एक आणि रस्त्यावर दुसरंच असं चालत नाही. आरटीओचा हा खेटा हिशोबात धरा.

आणि मुख्य प्रश्न: आपल्याकडे कार्पेट आहे कुठे? मराठी घरात खाली फरशी किंवा टाइल्स. कार्पेट असलंच तर हॉलमध्ये टीपॉयखाली पाच बाय सात. म्हणजे घरगुती काम म्हणजे सोफा, गादी, डायनिंगच्या खुर्च्या, गाडीच्या सीट. या सगळ्यांना ट्रकमाउंटचा जोर आणि नव्वद अंशांचं पाणी नकोच असतं. सोफ्यावर जास्त प्रेशर मारलं तर पाणी आत फोममध्ये जातं आणि तिथून ते कुठलंच मशीन पूर्ण ओढू शकत नाही.

खरी कार्पेटं सापडतात ऑफिसात, हॉटेलात, बँक्वेट हॉलमध्ये, थिएटरमध्ये. हिंजवडीतल्या ऑफिसात खाली असतात त्या चौकोनी कार्पेट टाइल्स. त्यांच्यावर भरपूर पाणी मारलं की खालचा गोंद सुटतो, कोपरे वर येतात. अशा कामाला बऱ्याचदा कमी पाण्याची पद्धत बरी पडते, म्हणजे गोल ब्रशच्या मशीनने केमिकल घासायचं, वाळलं की मळ साध्या व्हॅक्यूमने काढायचा. ऑफिसची कामं हवी असतील तर कदाचित तुमचं दुसरं मशीन हे असेल. ट्रकमाउंटचा विचार मी फक्त तळमजल्यावरच्या मोठ्या हॉटेल आणि हॉलची वार्षिक कंत्राटं हातात असतील तरच करेन. कंत्राट आधी, मशीन नंतर.

एक धोक्याची सूचना. कुणी भदोही-मिर्झापूरकडचा हाताने विणलेला लोकरीचा किंवा रेशमी गालिचा पुढे केला, तर कुठलंही मशीन लावण्याआधी थांबा. पांढरं कापड ओलं करून एका कोपऱ्यात मिनिटभर दाबून धरा. रंग कापडावर आला तर हात जोडून नको म्हणा. गरम पाणी आणि जहाल केमिकल लोकरीला सोसत नाही, आणि अशा एका गालिच्याची भरपाई द्यायची वेळ आली तर सगळ्या हंगामाची कमाई जाते.

परदेशातल्या वाचकांसाठी

आपले काही वाचक अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात आहेत, तिकडे हा धंदा करायचा विचार असेल तर वरचं सगळं जसंच्या तसं लागू नाही. तुमच्याकडे हा प्रश्न खरोखर खुला आहे. भोवताली बैठी कार्पेटवाली घरं असतील तर ट्रकमाउंट दिवसाला जास्त घरं उरकतं आणि पूर आलेल्या घरातलं पाणी उपसायचं कामही मिळवून देतं. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरची भाड्याची अपार्टमेंट असतील तर पोर्टेबल. अमेरिकेत मळकं पाणी रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात ओतायला मनाई आहे, ते सांडपाण्याच्या लाइनमध्येच जायला हवं. आपल्याकडेही ते गिऱ्हाइकाच्या संडासात ओतणं हेच शहाणपणाचं, जिन्याच्या कोपऱ्यात किंवा झाडाच्या आळ्यात नको.

पैशाचा हिशोब, जमेल तितका प्रामाणिक

खालचे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या गावातले भाव टाकून पुन्हा करा.

समजा पोर्टेबल ६० हजार, ब्रश-केमिकल-बोर्ड-बॅग मिळून १५ हजार. एकूण ७५ हजार. एका पाच सीटर सोफ्याचे ८०० रुपये मिळतात, त्यातून केमिकल, पेट्रोल आणि मदतनीसाचे मिळून ४५० गेले. उरले ३५०. म्हणजे २१४-२१५ सोफे झाले की मशीन फिटलं. दिवसाला एक आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर सव्वाआठ महिने. दिवसाला दोन मिळाले तर चार.

ट्रकमाउंट अमेरिकेतच नवं घ्यायचं म्हटलं तर किंमत पंधरा-वीस हजार डॉलरच्या खाली क्वचितच असते, आणि व्हॅन वेगळी. समजा आणायचा खर्च विसरून, कमीत कमी धरून, गाडीसकट १८ लाख. त्याच ३५० रुपयांनी दिवसाला तीन कामं केली तरी साडेपाच वर्षं. व्याज यात धरलेलंच नाही. मोठ्या कामाला जास्त पैसे मिळतात हे खरं, पण ती मोठी कामं रोज तुमच्या गल्लीत आहेत का?

मावशीच्या पाटल्यांचं म्हणाल तर मी भावाला आधी बँकेत पाठवलं. मुद्रा योजनेत तारण न ठेवता कर्ज मिळतं: शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात त्यापुढे ५ लाखांपर्यंत. बँक कोटेशन मागते, म्हणून आधी डीलरकडून कोटेशन घेऊन जा. एजंटला पैसे देऊ नका.

दुकानात जाऊन काय बघायचं?

डीलर डेमो देतो तेव्हा मळकी चटई पांढरी करून दाखवतो. ते सगळ्याच मशीनवर होतं. तुम्ही वेगळी टेस्ट करा. त्यासाठी ट्रॅव्हल बॅग तोलायचा हुकचा काटा सोबत न्या, ऑनलाइन दोन-तीनशे रुपयांत मिळतो.

एक जाड, कोरडी चटई किंवा कुशन घ्या आणि वजन करा. मशीनने त्यावर मोजून एक लिटर पाणी मारा. मग पाणी न मारता फक्त ओढायचे दोन हात फिरवा. पुन्हा वजन करा. जितके ग्रॅम वाढले तितके मिलिलिटर पाणी आत राहिलं. तीच चटई वाळवून, किंवा तसलीच दुसरी घेऊन, दुसऱ्या मशीनवर हेच करा. ज्यात कमी पाणी उरलं ते मशीन चांगलं, मग त्याच्या बॉक्सवर काहीही छापलेलं असो. डीलर कुरकुर करेल. करू द्या. फोन स्टँडला लावून सगळं रेकॉर्ड करा, म्हणजे घरी शांतपणे तुलना करता येते.

तिथेच फोनवर आवाज मोजायचं ॲप उघडून मशीनपासून दोन मीटरवर ठेवा. ॲपचा आकडा अचूक नसतो, पण दोन मशीनमधला फरक कळतो. दुपारी झोपलेलं बाळ असलेल्या घरात तो फरक महत्त्वाचा ठरतो.

मग सुट्या भागांचं विचारा. व्हॅक्यूम मोटरमधले कार्बन ब्रश झिजतातच, ते कुठे मिळतात आणि कोण बदलतं? नोझल चोकअप झालं तर नवं किती दिवसांत? "कंपनीतून मागवावं लागेल" हे उत्तर आलं तर ऐन दिवाळीच्या आधी मशीन बंद पडून तुम्ही घरी बसणार, आणि या धंद्यात वर्षाची कमाई त्या तीन आठवड्यांत असते. फेस मारायचं औषधही सोबत घ्या. गिऱ्हाइकाने आधी घरी सर्फ लावून सोफा घासलेला असतो, त्याचा फेस टाकी भरून मोटरमध्ये शिरतो.

शेवटी भावाने काय केलं?

दोन मोटरचं पोर्टेबल घेतलं, मुद्राच्या शिशु कर्जावर आणि उरलेले स्वतःचे घालून. पाटल्या मावशीच्या हातातच आहेत. पहिल्या जुलैत त्याने एक चूक केली: सांगवीतल्या एका घरी सोफा धुतला, बाहेर धो धो पाऊस, आणि ओढायचा एकच हात फिरवून तो निघाला. तिसऱ्या दिवशी त्या काकूंचा फोन आला, "अहो, सोफ्याला वास मारतोय." तो परत गेला, फुकटात पुन्हा सगळं ओढलं आणि आपला टेबल फॅन दोन दिवस तिथेच ठेवून आला. आता पावसाळ्यात तो प्रत्येक सीटवर ओढायचे तीन-चार हात फिरवतो, बॅगेत दोन पंखे नेतो आणि एका दिवसात दोनच कामं घेतो. मशीन तेच आहे. त्या काकूंनी नंतर त्याला त्यांच्या मजल्यावरची आणखी तीन घरं मिळवून दिली.

ट्रकमाउंटच्या रील्स तो अजून बघतो. परवाच एक पाठवली होती.